परदेशात रोख, कार्ड आणि चलनबदल: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

लांबच्या विमानप्रवासानंतर माणूस दमलेला असतो. मागे रांग असते, मशीनच्या पडद्यावर अनोळखी आकडे असतात, हातात सामान असतं. पैशांचे सगळे मोठे निर्णय बहुतेक प्रवासी नेमके याच घटकेला घेतात. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसंही इथे चुकतात, कारण विचार करायला वेळच नसतो. म्हणून निर्णय घरी घ्यायचे आणि तिकडे फक्त ठरलेलं करायचं. खालच्या टप्प्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे आणि निम्मं काम घर सोडण्याआधीचं आहे. ते टाळून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका.

टप्पा १: त्या देशात पैसे कसे चालतात ते शोधा (निघण्याच्या तीन आठवडे आधी)

पहिला प्रश्न दराचा नाही. तिथे लोक रोजचे पैसे कशाने देतात, हा आहे. स्वीडनमध्ये अनेक दुकानं रोख घेतच नाहीत. जर्मनीत काही लहान दुकानं फक्त तिथलं देशी कार्ड किंवा रोख घेतात, तुमचं आंतरराष्ट्रीय कार्ड तिथे चालत नाही. चीनमध्ये व्यवहार मोबाइलवर होतात. अलीपे आणि वीचॅट पेमध्ये परदेशी कार्ड जोडता येतं, पण ओळख पडताळणी आणि एसएमएसचा कोड लागतो, त्यामुळे ते घरूनच करून ठेवावं. रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांत काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं चालत नाहीत. इराणमध्येही आंतरराष्ट्रीय कार्डं चालत नाहीत. अशा ठिकाणी रोख कमी नेली तर नंतर मार्ग सापडत नाही.

दुसरा प्रश्न चलनाचा. युरोपीय संघातला देश म्हणजे युरो, असं धरून चालू नका. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड, चेकिया आणि हंगेरी यांची चलनं वेगळी आहेत. स्वित्झर्लंड तर संघातच नाही, तिथे फ्रँक चालतो. पर्यटकी भागातली दुकानं युरो घेतातही, पण दर त्यांनी ठरवलेला असतो आणि सुट्टे परत मिळतात ते स्थानिक चलनात.

तिसरी गोष्ट, आकडे वाचायची सवय. जर्मनीत १.५०० म्हणजे दीड हजार. तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. येनला दशांश नसतो, तर कुवेत, बहारीन आणि ओमानच्या चलनात दशांशानंतर तीन आकडे येतात. डॉलरची खूण मेक्सिको, चिली आणि अर्जेंटिना पेसोसाठी वापरतात. येन आणि युआन यांची खूणही एकच आहे. किंमत पाहिली की ती कोणत्या चलनात आहे हे विचारायला लाजू नका.

तपासा: रोख नेण्याच्या मर्यादा. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त, जपानमध्ये १० लाख येनपेक्षा जास्त रोख बरोबर असेल तर सीमाशुल्क विभागाला सांगावं लागतं. रक्कम नेण्याला बंदी नसते, लपवणं हा गुन्हा ठरतो. अमेरिकेत एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रोख एकत्र मोजली जाते, ती चौघांत वाटून घेतल्याने नियम टळत नाही. काही चलनं देशाबाहेर न्यायलाच मनाई आहे. ट्युनिशियाचा दिनार असाच आहे, तो आधी विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

टप्पा २: कार्डं तयार करा (निघण्याच्या दोन आठवडे आधी)

किमान दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या बँकांची आणि जमलं तर दोन वेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं). एकाच खात्याची दोन कार्डं म्हणजे एकच कार्ड. खातं गोठवलं गेलं की दोन्ही एकदम बंद पडतात.

कामाची वाटणी अशी करा. रोख काढायला डेबिट किंवा प्रीपेड कार्ड. दुकान, हॉटेल आणि भाड्याची गाडी यांसाठी क्रेडिट कार्ड. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर बहुतेक कार्डांवर वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत तिथे लागू नसते. याउलट हॉटेलात डेबिट कार्ड दिलं तर अनामत म्हणून अडवलेली रक्कम थेट तुमच्या खात्यातून अडकते आणि सुटायला कधी कधी आठवडाही जातो. क्रेडिट कार्डावर तीच रक्कम फक्त मर्यादेतून कमी होते, तुमचे खर्चाचे पैसे मोकळे राहतात.

मग बँकेच्या ॲपमध्ये पुढची कामं याच क्रमाने करा:

१. कार्डाची मुदत पाहा. परतीच्या तारखेनंतर किमान दोन महिने ती शिल्लक हवी.
२. आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि नुसतं टेकवून पैसे देणं यांची बटणं बहुधा वेगवेगळी असतात. एक सुरू केलं म्हणजे सगळं सुरू झालं असं नाही.
३. रोजच्या मर्यादा ठरवा. एटीएमची मर्यादा तुमच्या एका वेळच्या गरजेएवढी ठेवा, त्याहून जास्त नको.
४. प्रत्येक कार्डाचा पिन, क्रेडिट कार्डाचाही, एकदा घरच्या मशीनवर वापरून पाहा.
५. परकीय चलन व्यवहाराचं शुल्क किती टक्के आहे ते शुल्कपत्रकात वाचून वहीत लिहा.

पिनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक इथे हमखास अडतात. अनेकांना पिन आकड्यांनी आठवत नाही, बोटांच्या हालचालीने किंवा अक्षरांच्या शब्दाने आठवतो. परदेशातल्या कित्येक मशीनच्या बटणांवर अक्षरं नसतात आणि बटणांची ठेवणही वेगळी असू शकते. पिन आकड्यांनी पाठ करा. पिन सहा आकडी असेल तर चार आकडी करता येतो का ते बँकेला विचारा, कारण काही देशांतली मशीन चारच आकडे घेतात.

इशारा: ओटीपी. ऑनलाइन पैसे भरताना येणारा कोड तुमच्या घरच्या सिमवर येतो. तिकडे पोहोचून ते सिम काढून स्थानिक सिम घातलं की कोड येणं थांबतं आणि पुढचं तिकीट काढता येत नाही. दोन सिमचा फोन असेल तर घरचं सिम फोनमध्येच ठेवा. त्यावर परदेशात एसएमएस येतात का, हे कंपनीकडून आधीच पक्कं करून घ्या. बँक ॲपमधून मंजुरीची सोय देत असेल तर तीही सुरू करा.

टप्पा ३: रोख कोणती आणि किती (निघण्याच्या एक आठवडा आधी)

दराचा फलक कसा वाचायचा ते आधी समजून घ्या. समजा एका परकीय युनिटचा खरा बाजारभाव १०० आहे. मनी चेंजरच्या फलकावर दोन आकडे असतील: तो घेतो ९२ ला, देतो १०८ ला. तुम्ही १०८ मोजून एक युनिट घेतलंत तेव्हा ८ गेले. ते न वापरता परत आणून विकलंत, तर हातात ९२ आले, म्हणजे जाऊन-येऊन १६ गेले. फलकावर ‘कमिशन नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. कमाई या दोन आकड्यांच्या अंतरात आहे. त्यामुळे कमिशन विचारण्याऐवजी अंतर मोजा. त्या दिवसाचा मधला बाजारभाव फोनवर पाहा आणि ‘एवढी रक्कम दिली तर सगळं कापून हातात नेमकं किती मिळेल?’ एवढं एकच वाक्य विचारा.

विमानतळावर हे अंतर बहुधा सर्वांत जास्त असतं. शहरात दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या आणि घरून निघताना पहिल्या दीड-दोन दिवसांपुरतीच रोख घ्या: टॅक्सी किंवा रेल्वे, दोन जेवणं, पाणी आणि एखादी अनपेक्षित अडचण. बाकीची रोख तिकडच्या एटीएममधून काढणं बहुतेक देशांत स्वस्त पडतं. जिथे कार्ड चालतच नाही ते देश याला अपवाद. तिथे पूर्ण खर्चाची रोख न्यावी लागते, तीही तिथल्या चेंजरला हवी असलेल्या चलनात.

तुमचं चलन तिकडे कोणी घेत नसेल, तर डॉलर किंवा युरो नेऊन तिकडे बदलावे लागतात. यात दोनदा तूट येते, म्हणून थेट स्थानिक चलन मिळत असेल तर त्याचा दर आधी तपासा. डॉलर न्यायचेच असतील तर नोटा एकूण एक पाहून घ्या. अमेरिकन सरकारच्या लेखी जुनी नोटही वैध आहे, पण अनेक देशांतले चेंजर जुन्या मालिकेच्या, शिक्का मारलेल्या, पेनाने लिहिलेल्या किंवा जराशा फाटलेल्या नोटा नाकारतात. कंबोडियात डॉलर रोजच्या व्यवहारात चालतात, तिथेही कोपरा फाटलेली नोट परत हातात येते.

इशारा: कोणाच्या घरी जुन्या सहलीतून उरलेल्या नोटा असतील तर त्या अजून चालतात का ते पाहा. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत. स्वित्झर्लंडची आधीची मालिका एप्रिल २०२१ अखेर मागे घेतली गेली. अशा नोटा मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात, टॅक्सीवाला मात्र त्या घेणार नाही.

टप्पा ४: पैसे तीन जागी ठेवा (निघण्याच्या आदल्या रात्री)

खिशात किंवा छोट्या पाकिटात त्या दिवसाचा खर्च आणि एक कार्ड. अंगाला लागून असलेल्या कप्प्यात मुख्य रोख आणि पासपोर्ट. हॉटेलच्या तिजोरीत किंवा कुलूपबंद बॅगेत दुसरं कार्ड आणि संकटकाळची थोडी रोख. जोडीने प्रवास असेल तर दोन्ही कार्डं एकाच माणसाकडे नकोत.

विमानतळावर जमा करायच्या (चेक-इन) मोठ्या बॅगेत मात्र यातलं काहीही ठेवू नका. बॅग दोन दिवस उशिरा आली तर तुमचा तिसरा कप्पा दुसऱ्याच विमानतळावर पडून असतो.

बँकेचा परदेशातून लागणारा फोन क्रमांक कागदावर लिहा. कार्डाच्या मागे छापलेला निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही, आणि कार्ड हरवलं की तो क्रमांकही कार्डाबरोबरच जातो. कागदाच्या दोन प्रती करा.

टप्पा ५: उतरल्यावर पहिली रोख काढणं

रस्त्यावरचं किंवा दुकानातलं सुटं मशीन टाळा आणि बँकेच्या शाखेला जोडलेलं एटीएम शोधा, शक्यतो शाखा उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. जपानमध्ये सगळी एटीएम परदेशी कार्ड घेत नाहीत. सेव्हन इलेव्हन दुकानांतली आणि टपाल खात्याची मशीन घेतात.

मशीनवर क्रम असा ठेवा: कार्ड घालण्याची फट हलवून पाहा, हाताने झाकून पिन दाबा, खात्याचा प्रकार विचारला तर तुमच्या खात्याप्रमाणे निवडा. पहिल्या प्रयत्नात व्यवहार नाकारला गेला तर दुसरा खात्याचा प्रकार निवडून एकदाच पुन्हा बघा. पडद्यावर सुचवलेल्या रकमांकडे दुर्लक्ष करून ‘इतर रक्कम’ निवडा. सुचवलेल्या रकमा अनेकदा गरजेपेक्षा मोठ्या असतात. शुल्क दाखवलं जाईल. ते दर वेळचं ठरावीक असेल तर थोडं थोडं काढण्यापेक्षा चार-पाच दिवसांचं एकदम काढा. शुल्क भलतंच वाटलं तर व्यवहार रद्द करून पुढच्या बँकेत जा, रद्द करण्याचे पैसे पडत नाहीत.

यानंतर येणारा पडदा सर्वांत महत्त्वाचा. त्यासाठी वेगळा टप्पा दिला आहे.

टप्पा ६: ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का?’ या प्रश्नाला नाही म्हणा

परदेशी कार्ड ओळखलं की एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं: रक्कम स्थानिक चलनात घेऊ की तुमच्या? आपल्या ओळखीचं चलन दिसलं की बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. तिथेच नुकसान होतं. आपलं चलन निवडलं तर दर ठरवतो मशीनचा मालक किंवा त्याची सेवा कंपनी, आणि त्यात त्यांचा नफा मिळवलेला असतो. स्थानिक चलन निवडलं तर दर तुमच्या कार्डाचं नेटवर्क लावतं, जो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमच्या बँकेचं शुल्क लागतं. काही बँका मात्र आपलं चलन निवडल्यावरही ते शुल्क लावतात. म्हणजे महाग दर घेऊनही शुल्क वाचत नाही.

मला हे कळलं ते एका रेल्वे स्थानकावरच्या मशीनपाशी. पडद्यावर एक मोठं हिरवं बटण होतं आणि कोपऱ्यात राखाडी अक्षरांत दुसरा पर्याय. मी हिरवं दाबलं, कारण हिरवं म्हणजे ‘पुढे’ असं डोक्यात बसलेलं होतं. घरी येऊन हिशेब केला तेव्हा त्या एका दाबण्यात दोन वेळच्या जेवणाचे पैसे गेलेले दिसले. तेव्हापासून पडद्यावरचं वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय मी बोट पुढे नेत नाही.

शब्द फसवे असतात. ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ असे पर्याय आले तर नाकारा निवडा. नाकारल्याने व्यवहार रद्द होईल अशी भीती अनेकांना वाटते. तो रद्द होत नाही, स्थानिक चलनात पूर्ण होतो. ‘हमीचा दर’, ‘रक्कम आत्ताच निश्चित’ असलं काही दिसलं तर तोच प्रकार समजा. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून अशा मशीनला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किती टक्के जास्त लावले आहेत ते दाखवावं लागतं. तो आकडा एकदा वाचा, पुढे सांगायची गरज उरत नाही.

दुकानात विक्रेता कधी कधी तुमच्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. म्हणून मशीन हातात घेण्याआधीच ‘स्थानिक चलनात घ्या’ असं सांगा. पावतीवर तुमच्या चलनाचा आकडा छापून आला तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. नंतर बँकेकडे तक्रार केली तर तुम्ही पर्याय स्वतः निवडल्याची नोंद दाखवली जाते. हॉटेल सोडताना हे विशेष पाहा, कारण रक्कम मोठी असते आणि निघायची घाई असते. ऑनलाइन आरक्षणातही चलन बदलण्याचा छोटा पर्याय असतो, तोही तपासा.

तपासा: पावतीवर आकड्याशेजारी कोणतं चलन छापलं आहे? सही किंवा पिन त्यानंतरच.

टप्पा ७: रोजचा वापर

पहिल्या संध्याकाळी शांतपणे बसून सगळ्या नोटा आणि नाणी समोर मांडा आणि ओळखायला शिका. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात आणि अंधारात टॅक्सीत त्यांची अदलाबदल होते. थायलंडचं १० बाहतचं नाणं दिसायला २ युरोसारखं आहे, किंमत मात्र त्याच्या जवळपासही नाही. मोठी नोट देताना तिचा आकडा मोठ्याने बोला, मग ‘तुम्ही लहान नोट दिलीत’ हा वाद उभा राहत नाही. मोठ्या नोटा हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात मोडा. बसचालकाकडे आणि फेरीवाल्याकडे मोड असेलच असं नाही.

रस्त्यात गाठून चांगला दर सांगणाऱ्याकडून पैसे बदलू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि नोटा मोजताना हातचलाखी होते. काउंटरवर बदलताना शेवटची मोजणी नेहमी तुमच्या हाताने झाली पाहिजे. मोजल्यावर नोटा परत त्याच्या हातात गेल्या, तर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

टेकवून पैसे देणं सोयीचं आहे, पण लंडनसारख्या शहरात मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना तेच साधन वापरावं लागतं. आत फोन टेकवला आणि बाहेर कार्ड, तर दोन्ही एकाच खात्याचे असूनही दोन अपूर्ण प्रवास धरले जातात आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. अमेरिकेत पेट्रोल पंपावरचं मशीन अनेकदा पत्त्याचा तिथला पिनकोड (झिप कोड) मागतं आणि परदेशी कार्ड अडतं. अशा वेळी आत जाऊन काउंटरवर पैसे द्या. तिथल्या उपाहारगृहात कार्ड घेतल्यानंतर बक्षिसी मिळवली जाते, त्यामुळे आधीचा एसएमएस आणि अंतिम रक्कम वेगळी दिसेल. सही केलेल्या पावतीचा फोटो काढून ठेवा.

टप्पा ८: कार्ड अडकलं किंवा हरवलं तर

आधी ॲपमधून कार्ड तात्पुरतं बंद करा. शोधाशोध त्यानंतर. कार्ड खिशात सापडलं तर पुन्हा सुरू करता येतं. सापडलं नाही तर बँकेला फोन करून कायमचं बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. चोरी असेल तर स्थानिक पोलिसांकडून लेखी नोंद घ्या, विम्याच्या दाव्याला ती लागते.

मशीनने कार्ड गिळलं आणि एखादा अनोळखी माणूस मदतीला येऊन ‘पिन पुन्हा दाबून बघा’ म्हणाला, तर दाबू नका. ही जुनी युक्ती आहे. मशीनपाशीच उभं राहून कार्ड बंद करा, मग हला.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका. मशीनचा क्रमांक, वेळ आणि पडद्यावरचा संदेश यांचा फोटो घ्या. पुढची तक्रार याच तपशिलावर चालते.

टप्पा ९: शेवटचे दोन दिवस

नाणी कोणताही चेंजर सहसा परत घेत नाही. जपानमध्ये ५०० येनचं आणि स्वित्झर्लंडमध्ये ५ फ्रँकचं नाणं असतं, म्हणजे मूठभर चिल्लरीत बरीच रक्कम अडकू शकते. दोन दिवस आधीपासून नाणी आधी संपवा. विमानतळापर्यंतचं भाडं बाजूला काढा, उरलेली रोख हॉटेलच्या बिलात द्या आणि फक्त वरची रक्कम कार्डावर घ्यायला सांगा. बहुतेक हॉटेलं हे करतात. तरीही मोठ्या नोटा उरल्या तर त्या देशातच बदला. घरी आल्यावर कमी प्रचलित चलन कोणी घेत नाही. काही ठिकाणी परत बदलताना मूळ पावती मागतात, म्हणून पहिल्या दिवसाची पावती जपून ठेवा.

टप्पा १०: परतल्यावर

कार्डांचा आंतरराष्ट्रीय वापर त्याच दिवशी बंद करा. ज्या मशीनबद्दल शंका होती तिथे वापरलेल्या कार्डाचा पिन बदला. पावत्या किमान दोन महिने ठेवा, कारण हॉटेल आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या उशिराही रक्कम कापतात: टोल, दंड, खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू. अडवलेली अनामत सुटली का ते पाहा. दोन आठवड्यांत सुटली नाही तर अंतिम बिलाची प्रत जोडून बँकेला लिहा. दुकानातून परतावा येणार असेल तर तो त्या दिवसाच्या दराने येतो, त्यामुळे रक्कम थोडी कमी-जास्त दिसेल, ती चूक नसते. मात्र न केलेला व्यवहार दिसला, रक्कम कितीही लहान असली, तरी त्याच दिवशी कळवा. चोरलेलं कार्ड चालतं का हे अनेकदा आधी अशाच किरकोळ रकमेने तपासलं जातं.